पगारी राखणदार

ईसा टाउनच्या खलिफा स्पोर्ट्स सिटीत २३ सप्टेंबर २०१६ रोजी 'ब्रेव्ह' या संस्थेने आपला पहिला आखाडा मांडला, तेव्हा बहारीनमधल्या मराठी घरांत त्याची फारशी वार्ता नव्हती. चारी बाजूंनी जाळी, आत दोन गडी, आणि ठोसे, लाथा, कुस्तीचे पेच, गळ्याला मिठी असे सगळे काही मुभेत. शेख खालिद बिन हमद अल खलिफा यांनी उभ्या केलेल्या या संस्थेने पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबईतही झुंजी लावल्या, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये याच प्रकारातल्या हौशी खेळाडूंची जागतिक स्पर्धा ईसा टाउनात भरली. नोव्हेंबर २०१८ मध्ये इथल्या जाळीत लढून गेलेला खामझात चिमायेव नावाचा तरुण ऑगस्ट २०२५ मध्ये शिकागोत या धंद्यातल्या सर्वांत बड्या संस्थेचा विजेता झाला. म्हणजे आपल्या पोरांच्या दृष्टीने ही काही साता समुद्रापलीकडची गोष्ट राहिलेली नाही. ज्या रस्त्याने त्यांची शाळेची बस जाते, त्याच रस्त्यावर ती घडते.

आता त्या पोरांना शिकायचे आहे. व्यायामशाळा हाकेच्या अंतरावर आहेत, शिकवणारेही आहेत, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी चार भिंतींच्या आत थंड हवेत करण्यासारखे दुसरे आहे काय? घरोघरी मग एकच प्रश्न निघतो: हाडबीड तर मोडणार नाही ना? आई विचारते, आजी साताऱ्याहून फोनवर विचारते. आमच्या मते हा प्रश्न अगदीच गैर नाही, पण धाकटा आहे. हाड मोडले तर ते दिसते, प्लास्टर लागते, सहा आठवड्यांनी सांधते. थोरला प्रश्न वेगळा आहे, आणि तो नीट कळावा म्हणून आज आम्ही वाचकांना वाळवंटातून उचलून बर्फाच्या मुलुखात नेणार आहोत. तिकडे एका खेळात पगार देऊन मारामारीला माणूस ठेवण्याची रीत कित्येक दशके उघडपणे चालली. त्या माणसांचे पुढे काय झाले, याचा जमाखर्च आता बराचसा हाती आला आहे.

हॉकी म्हटले की आपल्याला ध्यानचंद आठवतात. कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरची. पायांत पात्याचे बूट, हातात काठी, चेंडूऐवजी रबराची काळी चकती, आणि भिंतीने बंद केलेल्या मैदानात एका वेळी बाजूला सहा-सहा गडी. वेग इतका की नुसता धक्का लागला तरी माणूस भिंतीवर आदळतो. या खेळाची सर्वांत मोठी धंदेवाईक संस्था नॅशनल हॉकी लीग. तिने १९२२ साली मारामारीबद्दल एक नियम केला. वाचकांना वाटेल, बंदी घातली असेल. छे! भाव ठरवला. दोन गडी हातमोजे टाकून एकमेकांवर तुटून पडले तर प्रत्येकाने पाच मिनिटे बाहेरच्या पेटीत बसायचे, की झाली फेड. पंच जवळच उभे राहतात, आणि बहुधा दोघांपैकी एक जण बर्फावर पडला की मगच मध्ये शिरतात.

पाच मिनिटांत भागत असेल तर हुशार मालक काय करील? ज्याच्या बसण्याने संघाचे काही बिघडत नाही, असा एक गडी मुद्दाम बाळगील. इंग्रजीत त्याला एन्फोर्सर म्हणतात. आमच्या कोकणातल्या वाचकांना त्याचे नाते चटकन कळेल. तो संघाचा राखणदार. गोल करणाऱ्या नाजूक, महागड्या खेळाडूच्या अंगाला कोणी हात लावला तर याने उठायचे आणि हात लावणाऱ्याला बडवायचे. किंवा त्याच्या वतीने समोरचा राखणदार पुढे येईल, त्याच्याशी भिडायचे. १९८० च्या दशकात एडमंटन संघात वेन ग्रेट्झकी हा त्या खेळातला महामेरू खेळत होता. त्याला धक्का द्यायचा म्हणजे डेव्ह सेमेंकोशी गाठ, हे प्रत्येक प्रतिस्पर्धी जाणून होता. या सेमेंकोने १९८३ साली खुद्द मुहम्मद अलीबरोबर तीन फेऱ्यांची प्रदर्शनीय लढत केली होती, यावरून त्याचा दरारा कळावा. पुढे १९८८ मध्ये ग्रेट्झकीची लॉस एंजेलिसला विक्री झाली, तेव्हा आपला त्या वेळचा राखणदार मार्टी मॅक्सोर्ली यालाही बरोबर पाठवा असा त्याने आग्रह धरला, आणि तो मान्य झाला. राजा निघाला की भालदारही निघालाच.

त्याच्याही आधी, १९७४–७५ च्या हंगामात, फिलाडेल्फियाचा डेव्ह शुल्ट्झ एकूण ४७२ मिनिटे शिक्षेच्या पेटीत बसला. जवळजवळ आठ तास. त्या वर्षी त्याचा संघ विजेता ठरला, आणि या व्यवहारात फायदा आहे हे बाकीच्यांना उमगले. एक नवी नोकरी अशा रीतीने पक्की झाली.

ती नोकरी माणसाला लहानपणापासून कशी घडवते आणि कशी संपवते, हे पाहायचे तर डेरेक बुगार्डचे चरित्र पाहावे. १९८२ साली कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात, गव्हाच्या सपाट मुलुखात, एका पोलिसाच्या घरी हा मुलगा जन्मला. बाप बदलीच्या नोकरीत, गावे बदलत गेली, आणि पोरगा सर्वांपेक्षा उंच, थोराड, वर्गात मागे. बर्फावर तो काही चपळ नव्हता. पंधरा-सोळा वर्षांचा असताना मेलफर्ट गावातल्या एका सामन्यात त्याचे डोके फिरले आणि तो थेट प्रतिस्पर्ध्यांच्या बाकड्यात घुसून हात चालवू लागला. पोरे जीव मुठीत धरून पळाली. गॅलरीत त्या दिवशी रेजिना शहरातल्या एका मोठ्या कुमार संघाचे पारखी बसले होते. दुसऱ्या कोणत्याही खेळात अशा मुलाला घरी पाठवतात. त्यांनी त्याचे नाव आपल्या यादीत घातले.

आमच्या मते साऱ्या प्रकरणाचे मूळ इथे आहे. त्या दिवसापासून मुलाला कळले की आपल्याला गोल करता आला नाही तरी चालेल, चकती अडवता आली नाही तरी चालेल. आपला बाजारभाव मुठीत आहे. आईबापांनाही तसेच सांगण्यात आले असणार, आणि दोष कोणाला द्यावा? लहान गावातल्या बापाला मुलाच्या अंगी काहीतरी गुण निघाला याचाच आनंद होतो. आपल्याकडे पोराने बारावीला बरे गुण मिळवले की घरचे जसे कुठल्या कॉलेजात, किती फी, हा हिशेब मांडतात, तसा तिकडे कुमार संघाचा हिशेब मांडतात.

२००१ साली मिनेसोटा संघाने त्याला घेतले, सातव्या फेरीत, २०२ व्या क्रमांकावर. म्हणजे जवळजवळ तळाशी. खालच्या लीगांत चार वर्षे मुठी चालवून तो २००५ च्या ऑक्टोबरमध्ये वरच्या लीगमध्ये आला. उंची दोन मीटरच्या वर, वजन एकशे वीस किलोच्या आसपास. ऑक्टोबर २००६ मध्ये त्याने टॉड फेडोरूक नावाच्या गड्याच्या गालावर असा ठोसा मारला की हाडाचा चुरा झाला, आणि शल्यविशारदांना धातूच्या पट्ट्या घालून चेहरा जुळवावा लागला. गंमत पाहा, पुढच्याच वर्षी हा फेडोरूक मिनेसोटाच्याच संघात आला आणि दोघे एका खोलीत कपडे बदलू लागले. वैर नव्हतेच कधी. दोघे एकाच पेशाचे.

लोकांना तो फार आवडे. त्याच्या नावाचे सदरे खपत. २००७ च्या उन्हाळ्यात त्याने आणि त्याच्या भावाने रेजिनात मुलांसाठी शिबिर घेतले: बारा ते अठरा वर्षांच्या मुलांना बर्फावर मारामारी कशी करावी, म्हणजे स्वतःला कसे वाचवावे, याचे शिक्षण. मुलांना जे सदरे दिले त्यांवर रक्ताचे शिंतोडे उडवल्याची नक्षी होती. कॅनडात त्यावर ओरड झाली. आम्हाला मात्र त्या सदऱ्यांपेक्षा पैसे भरून पोरांना आणून सोडणाऱ्या आईबापांचे नवल वाटते. अर्थात आपणही टाळ्या वाजवणाऱ्यांतच असतो, फक्त खेळ निराळा.

या माणसाचे खेळातले कर्तृत्व किती? सहा हंगामांत २७७ सामने, गोल ३, शिक्षेची मिनिटे ५८९. एका गोलापासून दुसऱ्यापर्यंत मध्ये २३४ सामने गेले. ठोसे मारता मारता त्याच्या हातांच्या बोटांची, नाकाची, पाठीची, खांद्याची दुरुस्ती चालूच होती, आणि दुखणे दाबायला गोळ्या. अफूच्या जातीच्या त्या वेदनाशामक गोळ्यांची त्याला सवय लागली. एका हंगामात संघाच्या डॉक्टरांनी मिळून त्याला हजारावर गोळ्या लिहून दिल्या, असा हिशेब त्याच्या घरच्यांनी पुढे न्यायालयात मांडला. २००९ मध्ये तो उपचारासाठी दाखल झाला, परत आला, आणि २०१० च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क रेंजर्स संघाने त्याच्याशी चार वर्षांचा पासष्ट लाख डॉलरचा करार केला. तीन गोलांसाठी एवढा पैसा कोणी देत नाही; कशासाठी दिला हे सर्वांना ठाऊक होते. ९ डिसेंबर २०१० रोजी ऑटावात मॅट कार्कनरशी तो भिडला, डोक्याला मार बसला, आणि तो त्याचा शेवटचा सामना ठरला. पुढचे महिने अंधाऱ्या खोलीत, उजेड सोसत नाही, माणसे सोसत नाहीत, या अवस्थेत गेले. १३ मे २०११ रोजी मिनियापोलिसमधल्या आपल्या घरात दारू आणि गोळ्या एकत्र पोटात जाऊन तो वारला. वय २८.

घरच्यांनी त्याचा मेंदू बोस्टन विद्यापीठाच्या तज्ज्ञांकडे दिला. डोक्यावर वारंवार आघात झालेल्या माणसांच्या मेंदूत टाऊ नावाच्या प्रथिनाचे डाग साचत जातात आणि पेशी मरत जातात, हा आजार मुष्टियोद्ध्यांत १९२८ पासून वैद्यांना माहीत आहे. विसराळूपणा, चटकन भडकणे, मन खचणे, निर्णयाचा तोल जाणे ही त्याची लक्षणे. दुर्दैव हे की निदान खात्रीने होते ते मेल्यानंतरच. बुगार्डच्या मेंदूत तो आजार होता, आणि त्याच्या वयाच्या मानाने इतका पुढे गेलेला की तज्ज्ञही चक्रावले. बॉब प्रोबर्ट हा त्याच्या आधीच्या पिढीतला नामांकित राखणदार, शिक्षेची ३३०० मिनिटे नावावर असलेला, २०१० साली ४५ व्या वर्षी वारला होता. त्याच्यापेक्षाही २८ वर्षांच्या या पोराचा मेंदू जास्त खराब झाला होता.

त्याच उन्हाळ्यात, ऑगस्ट २०११ मध्ये, याच कामावरचे आणखी दोघे गेले: व्हँकूव्हरचा रिक रिपिन, वय २७, आणि त्यानंतर पंधरा-सोळा दिवसांनी नुकताच निवृत्त झालेला वेड बेलाक, वय ३५. चार महिन्यांत तिघे. तेव्हा प्रथमच कॅनडातल्या वर्तमानपत्रांनी उघडपणे विचारले की या नोकरीत माणसाचे नेमके काय होते. उत्तर यायला बारा वर्षे लागली. २०२३ साली वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका पाहणीत १९६७ पासूनचे सहा हजारांवर खेळाडू तपासले होते. त्यात निघाले असे की मारामारी करणाऱ्यांपैकी मेलेल्यांची संख्या इतरांपेक्षा फार वेगळी नाही. पण जे मेले ते सरासरी दहा वर्षे आधी मेले, सत्तावन्नच्या ठिकाणी सत्तेचाळीस, आणि आत्महत्या व अमली पदार्थ ही कारणे त्यांच्यातच जास्त. पाहणी आईबापांना घाबरवण्यासाठी केलेली नाही, म्हणून तिचा पहिला निष्कर्षही आम्ही मुद्दाम दिला.

इथे कोणी म्हणेल, हे गोऱ्यांचे उद्योग, आपल्याला काय? तर या खेळाच्या सर्वोच्च लीगमध्ये उतरलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू रॉबिन बावा. ब्रिटिश कोलंबियातल्या पंजाबी शीख कुटुंबातला, १९६६ चा जन्म. कुमार गटात कॅमलूप्सच्या संघाकडून १९८६–८७ च्या एका हंगामात त्याने पन्नासावर गोल केले होते. म्हणजे हा मुलगा गोल करणारा. पण १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये तो वॉशिंग्टन संघातून वर आला, तेव्हा त्याच्याकडून काम मागितले गेले ते अंगावर जाण्याचे, धक्क्यांचे, मुठीचे. चार संघ मिळून ६१ सामने आणि ६ गोल, एवढीच त्याची वरच्या लीगमधली नोंद. कातडीच्या रंगावरून शिव्या ऐकाव्या लागल्या त्या वेगळ्याच. परदेशात नव्या आलेल्या माणसाला जे दार उघडे सापडते त्यातूनच त्याला आत शिरावे लागते, हे आखातात आलेल्या पिढीला आम्ही सांगायला नको. इंजिनियर होऊन आलेले स्टोअरकीपर झाले, शिक्षक टायपिस्ट झाले. बावाला बर्फावर उघडे सापडलेले दार ते होते.

मग लीगने केले काय? लीगचे आयुक्त गॅरी बेटमन यांनी मार आणि मेंदूचा आजार यांचा संबंध सिद्ध झालेला नाही, ही भूमिका २०१६ मध्ये अमेरिकी सिनेटरला लिहिलेल्या पत्रातही सोडली नाही. बुगार्डच्या कुटुंबाने लावलेला दावा न्यायालयात टिकला नाही. तीनशेवर जुन्या खेळाडूंनी मिळून लावलेल्या दाव्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये तडजोड झाली: एकूण एक कोटी एकोणनव्वद लाख डॉलर, प्रत्येकी सुमारे बावीस हजार, आणि उपचार-तपासणीची काही सोय, जबाबदारी मात्र कबूल नाही. बुगार्डला एकट्याला चार वर्षे मुठी वापरण्याचे पासष्ट लाख, आणि त्या मुठींच्या परिणामापोटी माणशी बावीस हजार. बाजार कशाला किती किंमत देतो, हे दोन आकडे शेजारी ठेवले की कळते.

राखणदार कमी झाले हे खरे. २००८–०९ च्या हंगामात मारामाऱ्या सातशेच्या वर होत्या. दहा वर्षांनी त्या अडीचशेच्या आत आल्या. कोणाला दया आली म्हणून हे घडले असे मात्र समजू नये. २००५ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा आली, नियम बदलून खेळ अधिक वेगवान झाला, आणि जो नुसता बसून राहतो, उठला तर मारतो, त्याच्यावर पगारातली जागा खर्च करणे परवडेनासे झाले. कारकून कमी करावे तसे राखणदार कमी केले. त्यातला जॉन स्कॉट हा शेवटच्या काहींपैकी एक. २०१६ च्या जानेवारीत निवडक खेळाडूंच्या प्रदर्शनीय सामन्यासाठी लोकांनी मते देऊन, निम्मी थट्टा म्हणून, त्याला निवडून दिले. संघाने त्याला विकून खालच्या लीगमध्ये धाडले, तरी तो आला, दोन गोल केले, सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि सोबत्यांनी त्याला खांद्यावर घेतले. हा गृहस्थ मेकॅनिकल इंजिनियर. आम्हाला ही हकीगत फार आवडते, पण एका स्कॉटमुळे बाकीच्यांचे गणित बदलत नाही.

आणि प्रेक्षक? १८ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यूयॉर्क रेंजर्सने, म्हणजे बुगार्डला शेवटचा पगार देणाऱ्याच संघाने, मॅट रेम्पी नावाचा एकवीस वर्षांचा, सहा फूट आठ इंचांच्या आसपासचा मुलगा उतरवला. उघड्या मैदानावर, हजारो लोकांसमोर, आयुष्यातल्या पहिल्या मोठ्या सामन्याच्या सुरुवातीलाच त्याने मॅट मार्टिनशी मारामारी केली. पुढच्या काही आठवड्यांत लीगमधले एकेक जुने राखणदार त्याची परीक्षा घ्यायला पुढे आले, आणि रेम्पीच्या नावाने घोषणा सुरू झाल्या. एका वर्षाने, १५ फेब्रुवारी २०२५ रोजी, माँट्रियलला कॅनडा आणि अमेरिका यांचा सामना झाला. व्यापाराचे आणि सरहद्दीचे राजकारण तेव्हा तापलेले होते. सामना सुरू झाल्यावर नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या. त्यांतले कोणी पगारी राखणदार नव्हते; चांगले गोल करणारे खेळाडू होते. दुसऱ्या दिवशी जगभर चर्चा झाली ती सामन्याच्या निकालापेक्षा त्या नऊ सेकंदांची. मागणी अशी शिल्लक असताना पुरवठा बंद पडेल असे आम्हाला वाटत नाही.

आता परत ईसा टाउनात येऊ. जाळीच्या आखाड्याला बर्फावरच्या राखणदारीच्या पंक्तीत बसवणे अन्यायाचे होईल, हे आधी सांगितले पाहिजे. इथे माणूस स्वतःसाठी लढतो, दुसऱ्याच्या अंगरख्याची राखण करीत नाही. वजनाचे गट आहेत. समोरचा स्वतःला वाचवू शकत नाही असे दिसताच पंचाने झुंज थांबवायची असते, आणि हार मानायची असेल तर हाताने थोपटून ती मानता येते. बर्फावर थोपटायची सोय नाही. पण मेंदूला नियमाचे पुस्तक कळत नाही. त्याला फक्त हादरा कळतो, आणि हादरा काही सामन्याच्या दिवशीच बसतो असे नाही. तज्ज्ञांचे म्हणणे हे की बेशुद्ध पाडणाऱ्या एका ठोशापेक्षा वर्षानुवर्षे बसलेल्या, कोणी न मोजलेल्या हजारो लहान हादऱ्यांची बेरीज अधिक घातक. ते हादरे सरावात बसतात. सामन्यात डॉक्टर असतो. संध्याकाळच्या सरावाला, साथीदाराबरोबर हातमोजे घालून 'जरा खेळू' म्हणताना, कोण असतो?

आपल्याला या बाबतीत एक जुना आधार आहे, तो आपण विसरतो. शाहू महाराजांच्या खासबागेच्या मैदानापासून गावोगावच्या तालमींपर्यंत आपली जी कुस्ती वाढली तिच्यात ठोसा नाही. मान मोडते, कान चुरगाळून कोबीसारखे होतात, गुडघे जातात, सगळे खरे. पण डोक्यावर मारणे हा डाव नव्हे. आणि याच जाळीच्या खेळात कुस्तीतून आलेले गडी भारी पडतात, कारण ते समोरच्याला उभे राहून ठोसे मारू देत नाहीत, चिमायेवही कुस्तीतलाच. ज्या घरातल्या मुलाला हा नाद लागला आहे त्या घराने त्याला आधी दोन-तीन वर्षे कुस्ती, ज्यूदो असे धरण्या-पाडण्याचे प्रकार शिकू द्यावेत, ठोशांचा सराव मोठेपणी आणि मोजून करू द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुलगा कुरकुर करील. करू दे.

पैशाच्या बाबतीतही तालमीचा इतिहास गोड नाही. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातले पहिले ऑलिंपिक पदक १९५२ साली हेलसिंकीत मिळवून देणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव; त्यांच्या प्रवासासाठी वर्गणी गोळा करावी लागली आणि कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकले. खाशाबा पोलिसात नोकरीला लागले म्हणून संसार चालला. १९८४ साली अपघातात ते गेले, आणि अर्जुन पुरस्कार आला तो त्यानंतर दीड दशकाहून अधिक काळाने. हा एवढा मोठा मल्ल, तरी पोटासाठी नोकरीच धरावी लागली. आखाड्याच्या धंद्यात बहुतेकांचा व्यवहार दर झुंजीचा असतो. लढला तर मानधन, जिंकला तर वर आणखी. दुखापतीने वर्ष बसून काढले तर त्या वर्षाचे काय, हे करारात शोधावे लागते.

म्हणून आईबापांनी व्यायामशाळेच्या दारात फीचा तक्ता वाचण्याआधी काही गोष्टी विचाराव्यात. आठवड्यातून किती दिवस डोक्यावर ठोसे बसणारा सराव असतो, आणि कोणत्या वयापासून. मुलगा डोके दुखते, मळमळते म्हणाला तर त्याला किती दिवस बाहेर ठेवतात, आणि परत घ्यायचे ते कोण ठरवतो: डॉक्टर की शिकवणारा. विमा कोणाच्या नावावर, आणि तो झुंजीच्या दुखापतीला लागू होतो का. कंपनीने दिलेल्या विम्यात धंदेवाईक लढतींना बहुधा वगळलेले असते, ती बारीक अक्षरे वाचावीत. ज्यांच्या व्हिशाला बापाच्या नोकरीचा आधार आहे, त्यांनी हेही पाहावे की दुखापतीचा उपचार लांबला तर तो इथे करायचा की मुलाला मिरजेला नेऊन.

या प्रश्नांना नीट उत्तरे देणारे शिक्षक आहेत, आणि जे देतात त्यांच्याकडे मुलाला पाठवायला आमची हरकत नाही. जो शिक्षक हसून म्हणतो की तुमचा मुलगा मार खायला घाबरत नाही, हीच त्याची खरी ताकद आहे, त्याच्याकडे मात्र पाठवू नये. मेलफर्टच्या गॅलरीत बसलेल्या पारख्यांना त्या दिवशी डेरेकमध्ये नेमके तेच दिसले होते.